प्रकल्प संपतो, उत्पादन चालू राहतं: दोन जीवनचक्रं ओळखायची आणि वापरायची कशी

एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही डिसेंबरात ठरल्या तारखेला चालू करून दिलं. पेढे वाटून झाले, समारोपाच्या पत्रावर सह्या झाल्या आणि जानेवारीत टीममधला प्रत्येक जण दुसऱ्या कामावर गेला. ३१ मार्चच्या रात्री फोन आला. मुदतीआधी मोडलेल्या ठेवींवरचं व्याज चुकत होतं. ‘तो प्रोजेक्ट तर क्लोज झालाय,’ मी म्हणालो. पलीकडे अकाउंटंट होते, वयाने माझ्या वडिलांएवढे. आवाज न चढवता ते म्हणाले, ‘साहेब, तुमचा प्रोजेक्ट संपला असेल. आमची संस्था कुठे संपलीय?’

व्याजाचं सूत्र आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुरुस्त केलं. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र आमच्या एकाही कागदावर नव्हतं. आम्ही प्रकल्पाचं घड्याळ पाहत होतो आणि अकाउंटंट उत्पादनाचं, म्हणजे बनवून दिलेल्या वस्तूचं. ही दोन घड्याळं कशी ओळखायची, कुठला निर्णय कोणतं घड्याळ पाहून घ्यायचा आणि एकाकडून दुसऱ्याकडे सूत्रं कशी द्यायची, ते इथे पायरीपायरीने मांडतो. कारखाना असो, सॉफ्टवेअर असो की घरगुती मसाल्यांचा धंदा, पायऱ्या त्याच राहतात.

आधी शब्दांचा गोंधळ काढून टाकू. ‘जीवनचक्र’ हा शब्द थोडा फसवा आहे. चक्र म्हटलं की काहीतरी गोल फिरून मूळ जागी येतं असं वाटतं. प्रकल्प तसा फिरत नाही. तो एक रेघ आहे: सुरुवात, मधले टप्पे, शेवट. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. खड्डे खणणं, कलमं आणणं, लावणं, कुंपण घालणं हे एका हंगामाचं काम, त्याला शेवट असतो. बाग मात्र काही वर्षांनी धरायला लागते, मग कित्येक वर्षं उत्पन्न देते, म्हातारी होते, तिची छाटणी करावी लागते. लागवड हा प्रकल्प, बाग हे उत्पादन. बागेच्या आयुष्यात पुढे आणखीही प्रकल्प येतात: ठिबक बसवणं, विहीर खोल करणं, जुनी झाडं काढून नवी लावणं. एका उत्पादनाच्या पोटात असे अनेक प्रकल्प असतात, ही एक गोष्ट पक्की झाली की निम्मं काम झालं.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. भोसरीतलं एक छोटं वर्कशॉप इतकी वर्षं दुसऱ्यांना सुटे भाग पुरवत आलंय. आता त्यांना स्वतःची घरघंटी बाजारात आणायची आहे.

पायरी पहिली: दोन वाक्यं लिहा

कोरा कागद घ्या. वरच्या अर्ध्या भागात ‘काय झालं की हे काम संपलं म्हणायचं?’ याचं उत्तर एका वाक्यात लिहा. खालच्या अर्ध्या भागात ‘काय चालू राहणार आहे आणि कधीपर्यंत?’ याचं.

घरघंटीचं वरचं वाक्य असं होईल: ‘ड्रॉइंगपासून पहिले २०० नग विक्रेत्यांच्या दुकानात पोचेपर्यंत, पुढच्या दसऱ्याआधी, १८ लाखांत.’ खालचं वाक्य: ‘पहिली घरघंटी विकल्यापासून शेवटच्या ग्राहकाला सुटे भाग देण्याची आपली जबाबदारी संपेपर्यंत.’ वरच्या वाक्यात तारीख आणि रक्कम आहे, खालच्यात नाही. खालचं वाक्य लिहिताना हात अडखळतो. अडखळू द्या. पतसंस्थेच्या कामात आम्ही ते वाक्य लिहिलंच नव्हतं.

मग दोन्ही वाक्यांपुढे एकेक नाव घाला. विभागाचं नाव चालणार नाही, माणसाचं हवं. वरचं नाव वेळ, पैसा आणि काम यांचा हिशेब देणार. खालचं नाव विक्री, तक्रारी आणि नफा यांचा. लहान धंद्यात दोन्हीकडे मालकाचंच नाव येतं. हरकत नाही, फक्त हिशेबाच्या वह्या दोन ठेवा.

पायरी दुसरी: प्रकल्पाची रेघ आखा

पुस्तकात टप्पे सापडतात ते असे: आरंभ, नियोजन, अंमलबजावणी, समारोप. देखरेख हा पाचवा टप्पा म्हणून दाखवतात, पण तो टप्पा नाही. ती पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत चालते. टप्प्यांची नावं पाठ करण्यापेक्षा प्रत्येक टप्प्यातून हातात काय पडलं पाहिजे ते ठरवणं महत्त्वाचं. त्यासाठी कोकण रेल्वेसारखं उदाहरण शोधून सापडणार नाही.

आरंभ म्हणजे कोण पैसे घालणार आणि अंतिम शब्द कोणाचा, हे कागदावर येणं. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री होते. रेल्वेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात हा मार्ग बसत नव्हता, म्हणून १९ जुलै १९९० रोजी त्यासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झालं. भागभांडवलात रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. ई. श्रीधरन यांच्याकडे सूत्रं आली. रूळ पडण्याआधी मालकी ठरली होती. आपल्याकडच्या कित्येक प्रकल्पांत हेच सगळ्यात शेवटी ठरतं.

नियोजन म्हणजे मोठ्या कामाचे असे तुकडे करणं, की प्रत्येक तुकड्याला एक जबाबदार माणूस मिळेल. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर, ९० हून अधिक बोगदे, लहानमोठे सुमारे २,००० पूल. हे एका टेबलावरून हाकणं शक्य नव्हतं. मार्गाचे सात विभाग केले, प्रत्येकी साधारण १०० किलोमीटरचे, आणि प्रत्येक विभागाला आपला मुख्य अभियंता दिला. घरघंटीच्या कामातही असेच तुकडे पाडा: मोटर, दळण्याचा भाग, बाहेरची बॉडी, वायरिंग, पॅकिंग, विक्रेते. मग कशाआधी काय व्हायला हवं ते बाणांनी दाखवा. मोटरचं माप पक्कं झाल्याशिवाय बॉडीची डाय, म्हणजे साचा, कापता येत नाही. पुस्तिका मात्र कधीही छापता येते. जे बाण एकमेकांना जोडून सगळ्यात लांब साखळी होते, तीच तुमची खरी मुदत. बाकी कुठे दोन दिवस वाचवले तरी दसऱ्याची तारीख हलत नाही.

ही साखळी किती हट्टी असते ते पेडण्याच्या बोगद्याने दाखवलं. गोव्यातल्या त्या पट्ट्यात खडकाऐवजी पाण्याने भिजलेली मऊ माती निघाली. खोदलेलं परत ढासळत होतं. इतर ठिकाणी काम उरकत आलं, पण सलग मार्गासाठी या बोगद्याची वाट पाहणं भाग होतं. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. त्याआधी १९९३ सालीच दक्षिण टोकाला उडुपी–मंगळूर पट्ट्यात गाडी धावू लागली होती आणि पुढचे पट्टे तयार होतील तसे उघडत गेले. अख्खं काम होईपर्यंत थांबायचं नाही, जेवढं वापरता येईल तेवढं वापरात आणायचं. सॉफ्टवेअरवाल्यांनी याला पुढे बरीच आकर्षक नावं दिली.

समारोपाबद्दल पाचव्या पायरीत सविस्तर बोलू, कारण घसरगुंडी तिथेच होते.

पायरी तिसरी: पद्धत निवडा, पण फॅशन म्हणून नको

एक टप्पा पुरा केल्याशिवाय पुढचा नाही, ही धबधब्यासारखी पद्धत. थोडं करा, दाखवा, सुधारा, परत करा, ही ॲजाइल घराण्यातली पद्धत. दोन्हींच्या भक्तांमध्ये वाद रंगतात. गंमत अशी, की धबधबा पद्धतीचं (इंग्रजीत ‘वॉटरफॉल’) मूळ म्हणून सॉफ्टवेअर अभियंते विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या ज्या शोधनिबंधाकडे बोट दाखवतात, त्यात ‘वॉटरफॉल’ हा शब्दच नाही आणि ती सरळ उतरत जाणारी आकृती जशीच्या तशी वापरणं धोक्याचं आहे, असा इशारा त्यांनी स्वतःच दिला होता. लोकांनी आकृती उचलली, इशारा सोडून दिला. ॲजाइलचंही काही प्रमाणात असंच झालं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी मिळून चार ओळींचा जाहीरनामा लिहिला. आज त्या नावाखाली रोज सकाळी उभं राहून पाऊण तास बैठक चालते.

निवडण्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो: उद्या विचार बदलला तर किती महाग पडेल? डाय कापून झाली, मग बॉडी पाच मिलिमीटरने वाढवायची ठरली, तर लाखांचा फटका. पुलाचा खांब उभा राहिल्यावर तो सरकवता येत नाही. अशा भागांना क्रमाने जाणारी पद्धत. ॲपमधल्या बटणाची जागा बदलणं अर्ध्या तासाचं काम. त्यावर तीन महिने चर्चा करणं वेडेपणा. तिथे करत जा, दाखवत जा.

बहुतेक खऱ्या कामांत दोन्ही मिसळावं लागतं. घरघंटीची बॉडी आणि मोटर एकदाच, नीट ठरवून. जाळ्या, दाणे पडण्याचा वेग, आवाज, पीठ उडणं यासाठी मात्र पत्र्याचे हाताने बनवलेले पाच नमुने पाच घरांत ठेवा. एका घरात ज्वारी, एका घरात नाचणी, एका घरात थालीपिठाची भाजणी दळली जाऊ द्या. भाजणीत धने असतात, डाळी असतात. ती यंत्राची अशी परीक्षा घेते की कुठल्या चाचणीकेंद्राने घेऊ नये. दर आठवड्याला जाऊन विचारा आणि बदल करा. डाय कापायची ती या पाच घरांचं म्हणणं ऐकल्यावर.

पायरी चौथी: चेकनाके उभारा

दोन टप्प्यांच्या मध्ये एक नाका हवा. कॅनडातले संशोधक रॉबर्ट कूपर यांनी १९८० च्या दशकात उत्पादनविकासासाठी ही कल्पना रूढ केली आणि कारखानदारीत ती चांगली रुजली. नाक्यावर तीन गोष्टी आधीच लिहिलेल्या असाव्यात. पुढे जायला काय सिद्ध व्हायला हवं, निर्णय कोण देणार, आणि ‘नाही’ म्हटलं तर काय करायचं. तिसरी गोष्ट नसेल तर तो नाका शोभेचा. ज्या बैठकीतून आजवर एकही प्रस्ताव परत गेलेला नाही, तिथे चहा-बिस्किटांपलीकडे काही होत नाही.

घरघंटीचा सगळ्यात महत्त्वाचा नाका डायची ऑर्डर देण्याआधी येतो. त्याआधी झालेला खर्च थोडा आणि नंतरचा परत न येणारा. तिथे पैशांचा हिशेब दोन्ही घड्याळं पाहून करा. समजा डाय, नमुने, विजेच्या सुरक्षिततेच्या चाचण्या आणि पहिली जाहिरात मिळून १८ लाख. एका नगावर कच्चा माल, मजुरी, विक्रेत्याचं कमिशन वजा जाता १,५०० रुपये सुटतात. भागाकार सोपा: १,२०० नग विकले की खर्च वसूल. महिन्याला ६० नग धरले तर २० महिने.

आता उत्पादनाचं घड्याळ पाहा. वॉरंटीत मोटर बदलून द्यावी लागेल, मेकॅनिक घरी पाठवावा लागेल, सुटे भाग गोडाउनात अडकून पडतील. त्यासाठी नगामागे ३०० रुपये बाजूला ठेवले तर सुटतात १,२००. वसुलीला १,५०० नग लागतात आणि तेवढ्याच विक्रीत २५ महिने. हे पाच महिने पहिल्या हिशेबात दिसत नाहीत, कारण प्रकल्पाच्या वहीत वॉरंटीचा रकानाच नसतो. बँकेकडून कर्ज घेतलं असेल तर हप्ते या २५ महिन्यांच्या हिशेबाने बसतात का, ते नाक्यावरच तपासा.

आणि हो, ‘इतका खर्च झालाच आहे तर आता पुढे जाऊ’ हे वाक्य नाक्यावर कोणी उच्चारलं, तर त्याला नम्रपणे थांबवा. झालेला खर्च दोन्ही वाटांवर सारखाच गेलेला असतो. बघायचं ते यापुढे किती घालायचे आणि किती येणार.

पायरी पाचवी: हस्तांतर, म्हणजे पेढ्यांआधीचं काम

प्रकल्पाची टीम दमलेली असते, पुढचं काम खुणावत असतं, ग्राहकही घाईत असतो. सही होते. मग कोणता पासवर्ड कोणाकडे, कुठला स्क्रू कुठल्या पुरवठादाराचा, मार्चअखेरीची तपासणी झाली की नाही, हे सगळं माणसांच्या डोक्यात राहतं आणि माणसं निघून जातात.

मी त्या रात्रीपासून चार सवयी लावून घेतल्या.

पहिली: जो माणूस उत्पादन सांभाळणार आहे, तो प्रकल्पाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात टीममध्ये बसलेला हवा. शेवटच्या दिवशी फाइल हातात देऊन काही होत नाही. घरघंटीचा सर्व्हिस मेकॅनिक नमुना जोडताना तिथे असेल, तर तो सांगेल, ‘हा नट असा आत लावला तर मला पान्हा घालता येणार नाही.’ ती सूचना डाय कापण्याआधी फुकट असते.

दुसरी: वापराचं एक पूर्ण आवर्तन होईपर्यंत टीममधला निदान एक जण बांधलेला ठेवायचा. आवर्तन किती मोठं, ते धंदा ठरवतो. पतसंस्थेचं आवर्तन ३१ मार्चला पुरं होतं. शाळेचं जूनच्या प्रवेशांना. मिठाईवाल्याचं दिवाळीला. आम्ही डिसेंबरात हात झटकले, म्हणजे परीक्षेच्या आधीच शिकवणी बंद केली.

तिसरी: कागद तीनच, पण खरे. काय बनवलं आणि का तसं बनवलं, याचं टिपण. ‘का’ महत्त्वाचं, कारण ‘काय’ ते डोळ्यांना दिसतंच. मग उणिवांची प्रामाणिक यादी. आणि अडचण आली तर कोणाला, कोणत्या क्रमाने फोन करायचा.

चौथी: हस्तांतराची परीक्षा. जुन्या टीमने दोन आठवडे हात लावायचा नाही, फक्त बघायचं. नव्या माणसाने बॅकअप घेऊन तो परत चढवून दाखवायचा, किंवा घरघंटी पूर्ण उघडून परत जोडून दाखवायची. जमलं की सही.

कोकण रेल्वेचं १९९८ नंतरचं आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. बांधणाऱ्यांच्या दृष्टीने मार्ग पुरा झाला, चालवणाऱ्यांच्या दृष्टीने सुरू झाला. २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णे मालट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा सुरू झाली. तेच रूळ, त्यांच्यावर नवं उत्पादन. सह्याद्रीच्या पावसाने मात्र आपली परीक्षा चालूच ठेवली. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडीला अपघात झाला, पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. डोंगर कापला की तो लगेच स्थिर होत नाही, पावसाळ्यामागून पावसाळे तो हलत राहतो. कापलेल्या डोंगरांवर जाळ्या, उतार सौम्य करणं, पावसाळ्यातली रात्रंदिवस गस्त, वेग कमी ठेवणारं पावसाळी वेळापत्रक, हे सगळं उत्पादनाच्या घड्याळावरचं काम आहे. त्याला समारोप नाही. विद्युतीकरण हा मात्र पुन्हा प्रकल्प: त्याला सुरुवात होती, अंदाजपत्रक होतं, आणि जून २०२२ मध्ये तो लोकार्पण होऊन संपला.

पायरी सहावी: उत्पादन कुठल्या वयात आहे ते ओळखा

बाजारात आगमन, वाढ, परिपक्वता, उतार. हे चार टप्पे मार्केटिंगचे प्राध्यापक थिओडोर लेव्हिट यांच्या १९६५ मधल्या लेखामुळे घराघरात, म्हणजे निदान व्यवस्थापनाच्या वर्गावर्गात पोचले. आकृतीत ती छान टेकडीसारखी रेघ दिसते. प्रत्यक्षात टेकडी क्वचितच तशी असते आणि आपण तिच्यावर नेमके कुठे उभे आहोत ते कळणं त्याहून कठीण.

पुण्यात यासाठी बजाज चेतकपेक्षा ओळखीचं उदाहरण नाही. इटलीच्या पियाज्जिओशी असलेला परवान्याचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. नाव लावल्यावर वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. लग्नाच्या बोलणीत स्कूटरचा नंबर लागलाय हे सांगण्याचे ते दिवस. ही वाढ की परिपक्वता? सांगता येत नव्हतं, कारण विक्रीचा आकडा गिऱ्हाईक ठरवत नव्हतं. सरकारी परवाना आणि कारखान्याची क्षमता ठरवत होती. रांग लांब असली की उत्पादन तरुण आहे असा भास होतो.

याच काळात शेजारी काय चाललं होतं? १९८४ मध्ये बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली. १९८५ मध्ये एका लिटरमध्ये खूप पळणारी हीरो होंडाची मोटरसायकल. १९८९ मध्ये ‘हमारा बजाज’ची जाहिरात घराघरात गुणगुणली जात होती, पण वारं फिरायला लागलं होतं. २००१ मध्ये ॲक्टिव्हा आली. त्याच वर्षी बजाजने स्वतःची पल्सर काढली, म्हणजे कंपनीचा पुढचा डाव मोटरसायकलवर होता. त्या दशकाच्या मध्यावर चेतक बंद झाली आणि २००९ च्या अखेरीस स्कूटर बनवणंच थांबवायचं कंपनीने जाहीर केलं.

यातून कामाला येणाऱ्या दोन तपासण्या निघतात. एक, तुमची विक्री मागणीवर अडते की पुरवठ्यावर, ते आधी पाहा. ऑर्डर परत जात असतील तर विक्रीच्या आलेखावरून वय काढू नका. चौकशांवरून आणि रद्द झालेल्या ऑर्डरींवरून काढा. दोन, आपल्या उत्पादनाऐवजी ज्याची जागा ते घेतं किंवा जे त्याची जागा घेऊ शकतं, त्याकडे पाहा. घरघंटीचा खरा प्रतिस्पर्धी दुसरी घरघंटी नसून कोपऱ्यावरची गिरणी आणि पाच किलोंची तयार पिठाची पिशवी आहे.

आकडे वाचताना महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करू नका. आपल्याकडे दसरा, दिवाळी, पाडवा, अक्षय्य तृतीया आणि लग्नसराई कुठलाही आलेख वेडावाकडा करतात, आणि अधिक महिना आला की सणच सरकतात. त्यापेक्षा दर महिन्याअखेर गेल्या १२ महिन्यांची बेरीज लिहा. ही बेरीज चढत असेल तर वाढ. सहा-आठ महिने एकाच पातळीवर असेल तर परिपक्वता. सलग उतरत असेल आणि त्याच वेळी नगामागचा नफाही घटत असेल, तर उतार धरा. दोन्हींपैकी एकच घडत असेल तर घाई करू नका.

पायरी सातवी: वयाला शोभेल तोच प्रकल्प हाती घ्या

आगमनाच्या काळात प्रकल्प लहान असावेत आणि शिकवणारे: नवी जाळी, सुधारलेली पुस्तिका, दोन तालुक्यांत प्रात्यक्षिकं. या वयात खर्च कमी करण्यामागे लागलात तर चुकीची वस्तू स्वस्तात बनवाल. वाढीच्या काळात क्षमता: दुसरी डाय, दुसरा मोटर-पुरवठादार, सर्व्हिस केंद्रं. परिपक्वतेत मग खर्चकपात, नवे रंग, छोटं मॉडेल, आणि मुख्य म्हणजे पुढच्या उत्पादनाचा पाया. तो याच काळात घालायचा, कारण पैसा याच काळात हाताशी असतो. उतार लागल्यावर नवं उत्पादन शोधायला निघणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

उतारातलं मोठं जाहिरातयुद्ध बहुधा फुकट जातं. क्वचित नाव टिकतं आणि वस्तू पूर्ण बदलून परत येते. ऑक्टोबर २०१९ मध्ये चेतक हे नाव विजेवरच्या स्कूटरवर परतलं आणि जानेवारी २०२० मध्ये पुणे-बंगळुरूपासून विक्री सुरू झाली. वस्तूचं आयुष्य आणि नावाचं आयुष्य ही वेगवेगळी असतात. पण ही चैन ज्यांच्या नावाला लोकांच्या आठवणीत जागा आहे, त्यांनाच परवडते.

पायरी आठवी: निवृत्ती आखून घ्या

उत्पादन बंद करणं हासुद्धा एक प्रकल्प आहे. त्याला तारीख, पैसा आणि जबाबदार माणूस लागतो. कधी ती तारीख बाहेरून येते. १ एप्रिल २०२० पासून देशात गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ चे निकष लागू झाले आणि जी मॉडेलं त्यात बसवणं परवडणारं नव्हतं, ती थांबली. कधी उत्पादकच ठरवतो. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये आणलेल्या विंडोज एक्सपी या संगणकप्रणालीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपवला. तारीख खूप आधी जाहीर झालेली होती, तरी जगभर बँकांपासून एटीएमपर्यंत शेवटी धावपळ झालीच.

बंद करताना तारखा वेगवेगळ्या ठेवा: शेवटची ऑर्डर कधीपर्यंत घेणार, शेवटचा नग कधी बनवणार, सुटे भाग आणि दुरुस्ती कधीपर्यंत देणार. डाय लगेच भंगारात काढू नका. शेवटच्या तारखेपर्यंत लागतील तेवढे भाग आधी काढून ठेवा. सॉफ्टवेअर असेल तर ग्राहकाचा डेटा त्याला वाचता येईल अशा स्वरूपात परत द्या.

त्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअरही काही वर्षांनी आम्ही निवृत्त केलं. या वेळी पत्र सहा महिने आधी पाठवलं, त्यात सगळ्या तारखा होत्या आणि फोन करायच्या माणसाचं नावही. जुने अकाउंटंट तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी पत्र वाचलं आणि एकच बदल सुचवला: ‘शेवटची तारीख ३१ मार्च नको हो, ३० सप्टेंबर करा. आमचं ऑडिट होऊ दे आधी.’